दम

देवगडात दोन कॉलेजं.
एक वर सड्यावर, पवनचक्क्यांच्या पायाशी,
जिथे कातळावर गवतसुद्धा विचारून उगवतं.
दुसरं खाली, खाडीला लागून,
मराठीच्या तासाला मचव्यांची इंजिनं ऐकत बसणारं.

खालचे आमच्याबद्दल म्हणायचे:
वरून पदवी घेऊन जो उतरतो
तो मोटारीशी बोलतो, माणसाशी नाही.
मुलगी बघायला गेला, तिने नाव विचारलं,
तर याने परीक्षेचा बैठक क्रमांक सांगितला.
ही गोष्ट मी पाच वाड्यांत
पाच वेगवेगळ्या मुलांच्या नावावर ऐकलीय.
आम्ही म्हणायचो, खालचे बीए होतात
आणि फ्यूज उडाला की भाषण करतात.

मी वरची.
मेकॅनिकलला आम्ही तीन मुली, संघाला लागतात सात,
म्हणून सिव्हिलच्या दोन घेतल्या, कॉम्प्युटरची एक,
आणि एक अशी, जी वर्षभर कुणाशी बोलली नव्हती,
पकड मात्र मगरीची.

अंतिम सामना आमच्या मैदानावर.
खालच्यांचे दोन टेम्पो भरून आले, ओरडत:
"मुक्यांनू, कबड्डी तरी म्हणशात काय?"
हसू मलाही आलं.
खेळच असा, की तोंड मिटलं की बाद.

बावीस-तेवीस. शेवटची चढाई माझी.
कोपऱ्यात सुलक्षा तारी,
तालुक्यातले वक्तृत्वाचे सगळे कप जिच्या घरी,
सामन्यातही तोंडाचा पट्टा चालूच.
तिने घोटा धरला. मी पडले.
तांबडी माती दातांत, रेघ वीतभर लांब,
आणि मी म्हणत राहिले, कबड्डी कबड्डी,
नखं रेघेवर टेकली तेव्हाही म्हणत होते.

धुरी सरांची शिट्टी.
दम तुटला. बाद.

वारा होता. सड्यावर वारा कधी नसतो?
सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या,
बोल, अगं बोल,
आणि मी गुडघ्यावरची माती झटकली.
झालं. सहावी वाडी, सहावं नाव.

अकरा वर्षं झाली.
बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कंप्रेसर माझ्याकडे.
अमोनियाच्या वासात, घरघरीवर ओरडून ओरडून
आवाज असा झालाय की सासूबाई म्हणतात,
फोन कशाला करतेस, खिडकी उघड.

परवा पहाटे टेम्पो लागला.
बांगड्याचे वीस क्रेट, पुढच्या सीटवर पोरगा झोपलेला,
आणि सुलक्षा.
तिने मला ओळखलं आणि इतका वेळ गप्प राहिली
की मला वाटलं, पैसे कमी पडतायत.
मग लादी सरकवता सरकवता, लादीकडेच बघत:
"तुझो दम तुटाक नाय हुतो गो.
माका आयकाक येय हुतो.
पाय माझ्या हातात हुतो तुझो.
पंचांनी माका इचारल्यानी पन.
मी काय बोललंय नाय."

पंचांनी विचारलं होतं, हे मला माहीत नव्हतं.

अशा वेळी माणसं काय बोलतात
मला खरंच ठाऊक नाही.
खालच्या कॉलेजात शिकवत असतील.
मी म्हटलं, "लाद्या किती?"
"चौदा."
चौदाच दिल्या. एकही जास्त नाही.
फोडणावळ तेवढी लावायची राहिली.

टेम्पो चढाला लागला तसं
मी दारात उभी राहून सुरू केलं, कबड्डी कबड्डी,
पेट्रोल पंप, कॅनिंगची लांब भिंत, पहिलं वळण,
मागचे तांबडे दिवे झाडीत एकदा हरवून परत दिसले,
छाती जळायला लागली, दुसरं वळण,
श्वास घेतला नाही.

कंप्रेसर चालू होता.
मलासुद्धा नीट ऐकू आलं नाही.