सोळा वाव

बाबांनी जागा दाखवली तेव्हा मी अकरा वर्षांची होते.
वेताळाच्या देवळाचा कळस
कड्यावरच्या वाकड्या काजऱ्याआड गेला,
आणि दक्षिणेला दीपगृहाची पांढरी रेघ
काळ्या खडकाच्या खांद्याला टेकली,
की थांबायचं.
खाली सोळा वाव पाणी. पाण्याखाली खडप.
खडपात तांबोशी.
"ही जागा तुझ्या काकाक पण म्हायत नाय."
एवढंच. शपथ नाही, काही नाही.
गरी सोडली.

तसं आमच्या तांबळडेगला गुपित कुठलं टिकतं?
कुणाच्या दांडीवर कुणाचा सदरा वाळतोय,
माझं लग्न दुसऱ्यांदा का मोडलं,
सगळं लिलावाआधी वाळूत बोलून व्हायचं.
पण त्या नजरेला पापणी होती.
शेवंती मेतर एका रात्री माडाखाली बसून रडत होती,
वाटेने येणाऱ्या चौघांनी
आपापल्या बॅटऱ्या विझवल्या.
सकाळी तिला कुणी काही विचारलं नाही.
फक्त तिची टोपली सगळ्यांत आधी रिकामी झाली.

माशाला पापणी नसते.
टोपलीत, बर्फात, विळीखालीसुद्धा
तो बघत राहतो.
लहानपणी मी तांबोशीच्या डोळ्यावर बोट ठेवून
तो मिटायला बघायचे. आई हसायची.

गेल्या वादळानंतर
बाबांच्या फोनमध्ये ते मीच घातलं.
परवानगी द्या, म्हणाला. दिली.
कधी? नेहमी.
अटी पुष्कळ होत्या,
खवलं झटकावीत तशा बोटाने खाली ढकलल्या.
मग मी पडवीत बसून भात निवडायचे
आणि बाबा माझ्या मांडीवर, निळा ठिपका,
समुद्राच्या फिक्या कागदावर हळूहळू सरकायचे.
किती बरं वाटायचं, काय सांगू.

(माझ्या फोनला माझंही ठाऊक होतं.
रात्री दोन वाजता छातीतल्या गाठीबद्दल विचारलं होतं त्याला.
गाठ साधीच निघाली.
पण आईला कळायच्या आधी
कोल्हापूरच्या तीन इस्पितळांना कळलं,
आणि भाच्याला, जो गेम खेळायला फोन घेऊन बसला होता.)

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी
आमच्या जागेवर तीन ट्रॉलर उभे.
बाहेरचे. त्यांना कळस माहीत नाही,
काजरा कशाशी खातात ते माहीत नाही,
तरी नेमके सोळा वावांवर.

बाबा रिकामे आले. पाय धुतले.
टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून म्हणाले,
"तू कोणाक सांगलंस गो?"

नाही, म्हटलं.
ते खरं होतं. पूर्ण खरं नव्हतं.
योगायोग असेल. मासे शोधणारं यंत्र असेल,
तांडेलांचा गुरुदास तसंच म्हणतो.
मला आजवर कळलेलं नाही,
आणि विचारायचं तरी कुणाला?
तो मागच्या आळीत राहत नाही.
त्याच्या अंगणात उभं राहून भांडता येत नाही,
त्याच्या पोरीच्या लग्नात
न जेवता उठून येता येत नाही.

आज पहाटे ठिपका घरातच होता.
शोधला तर फोन फडताळात,
मिठाच्या बरणीमागे.
किनाऱ्यावर होडी नाही.
इंजिनाचा आवाजही आला नव्हता,
वल्ह्यांनी गेले असावेत, या वयात.

ठिपका सांगतोय, बाबा घरी आहेत.
मी पुळणीवर उभी आहे, मोकळ्या हातांनी,
आई उभी राहायची तशी,
आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच
मला ठाऊक नाही ते कुठे आहेत.
भीती वाटते.
भीतीच्या बरीच खाली, खडपात,
काहीतरी लाल हलतं.

वर लिहिलेल्या खुणांतली एक खोटी आहे.
कुठली, ते विचारू नका.