भिंतीचं नाक

मोलेफी,
तू रुस्टेनबर्गहून पाठवलेली रंगाची बादली
टॅक्सीच्या टपावर, मक्याच्या दोन पोत्यांमधे बसून
आपल्या डोंगरावर पोचली.
वीस लिटर. निळा.
झाकणावर दात दाखवणारं एक कुटुंब,
आणि ठळक अक्षरांत : दहा वर्षं बघायला नको.

शेजारच्या मात्सेलिसोबाईंनी बादलीभोवती एक फेरी मारली.
"दहा वर्षं? मग बायकांनी काय करायचं?"
मी हसले. खरं सांगते, मला बरंच वाटलं होतं.
दरवर्षी शेण कालवा, ओढ्याकाठची माती उकरा,
नखांत गेरू घेऊन लोकांच्या लग्नांना जा.
सुटले म्हटलं.

दोन दिवसांत घर बँकेसारखं दिसायला लागलं.
लिंफो म्हणाली, "आई, आता चपला बाहेर काढायच्या का?"

मग जून आला.
वर बर्फ, दारं बंद,
आणि माझा, लिंफोचा, चहाच्या किटलीचा श्वास
घरातल्या घरात फिरत राहिला.
भिंतीला कान असतात, हे मला माहेरी शिकवलं होतं.
नाक असतं, हे कुणी बोललं नव्हतं.
तिचं नाक तू बुजवलंस.
नाही, तू नुसता रंग पाठवलास.
बुजवलं मी, दोन हात देऊन,
नव्या कोऱ्या ब्रशानं.

भिंतीला आतून घाम फुटला.
ब्लँकेटांना जुन्या विहिरीचा वास.
ऑगस्टात अंगणातलं पीच फुललं, त्याच आठवड्यात
दाराशेजारचा निळा
भाकरीसारखा टम्म फुगला
आणि खाली आला,
मागची ओली माती कवेत घेऊन.

पोपडे मी एकेक वेचले, गाईनं खाऊ नयेत म्हणून.
जाळले तर धूर घशात बसतो,
पुरले तर कुजत नाहीत.
तीन पोती गोठ्यामागे उभी आहेत.
त्यांचं काय करायचं, ते बादलीवर लिहिलेलं नाही.

मात्सेलिसोबाई "मी म्हटलं नव्हतं का" म्हणाल्या नाहीत.
बाह्या वर करून आल्या, बस्स.
शेण आपल्या गाईचं, राख आपल्या चुलीची,
गेरू त्या वळणावरचा, जिथे तुझी सायकल घसरली होती.
पांढरी माती मात्र लांबची,
डोक्यावरून चार खेपा.
माझी बोटं आधी लाजली.
मग ओल्या गिलाव्यात आपोआप चालायला लागली,
शेतात तास पडावेत तशी,
एक चौकोन उभा, शेजारचा आडवा,
मधल्या रेघा जेवणाच्या काट्यानं.
खिडकीभोवती लिंफोनं ओढ्यातले खडे दाबले,
एक उलटा बसलाय. राहू दिला.
निळा हवाच होता तुला, म्हणून
कपड्यांची नीळ थोडी कालवली, कोपऱ्यातल्या फुलापुरती.
एकूण खर्च : नीळ.

संध्याकाळी उन्हाची तिरीप आली
आणि प्रत्येक रेघेला सावली फुटली.
माझ्या चार बोटांचं नांगरलेलं शेत
दारापासून कोपऱ्यापर्यंत.
मी उंबऱ्यावर बसून राहिले.
पाप खाली ठेवलेलंच राहिलं, त्याला साय आली.

रात्री लिंफोनं विचारलं,
"डिसेंबरात गारा पडतील. सगळं धुऊन जाईल ना?"
मात्सेलिसोबाई म्हणाल्या,
"जायलाच हवं. नाहीतर तू कशावर शिकशील?"

बादली चांगली आहे, तेवढं कबूल.
तिच्यातून आता माती येते.
झाकणावरचं कुटुंब चिखलानं माखलंय,
दहा वर्षांतलं फक्त 'दहा' वाचता येतं.

ख्रिसमसला येशील तेव्हा रंग आणू नकोस.
काटे आण.
घरातल्या सगळ्यांचे दात वाकलेत.