तिसऱ्या मागावरची तार

माझ्या भुताला तोंड नाही.
कारण सांगते : मला तोंड जमत नाही.
चार महिने गालांशी झगडले,
डोळे बसवले की म्हशीचे दिसायचे,
हसवलं की दात कानात शिरायचे.
शेवटी घरातली चादर घेतली,
मोराच्या नक्षीची, एका कडेला जळकी,
गच्चीवर उन्हात पसरून फोटो काढला
आणि टाकली त्याच्या डोक्यावरून.
आता ते उभं असतं कारखान्याच्या दारात,
घडी न मोडल्यासारखं,
आणि पुण्याकडची पोरं म्हणे दिवा लावून झोपतात.

शिकवलं कुणी नाही.
बी.कॉम.ची दोन वर्षं, मग घरीच,
अम्माच्या विड्यांचे कट्टे मोजता मोजता
मोबाईलवर कुणा परदेशी माणसाचं बोलणं अर्ध्या वेगात.
निम्मं समजायचं, उरलेलं चुकून जमायचं.
लॅपटॉप अशोक चौकातला, तिसऱ्या हाताचा,
बिजागरीला सुतळी.
मे महिन्यात त्याच्याखाली ओला टॉवेल,
तोही नळाला पाणी आलेल्या दिवशीच.
बाकी चार दिवस तो तापून मरतो
आणि मी कोड इंग्रजीत लिहिते,
हिशेब मराठीत करते,
शिव्या तेलुगूत देते.

आवाज मात्र सगळे खरे आहेत.
अम्माच्या कात्रीचा तेंदूपानावरचा कच्च :
खेळात तो हाडाचा आहे.
बोळातली मोटार पाणी संपल्यावर हवा ओढते
तो त्याचा श्वास.
आणि माग.
रात्रपाळीला गोविंदय्या शेटच्या कारखान्यात जाऊन
बीमखाली मोबाईल ठेवून आणलेला,
खटाक् खट खटाक् खट,
मधेच कुणीतरी चहा मागतंय, ते तसंच ठेवलं.

आमच्या पूर्व भागात हा आवाज कुणाला ऐकू येत नाही.
त्यात बाळं झोपतात, सोयरिकी ठरतात.
तो थांबला की मात्र
गल्लीतल्या बाया हातातलं सूप ठेवून दाराबाहेर येतात,
एकमेकींकडे बघतात, बोलत नाहीत.

म्हणून माझं भूत येतं तेव्हा काहीच वाजत नाही.
पहिला माग थांबतो.
मग दुसरा.
तिसरा थांबायच्या आत लपायचं.

काल नान्ना खुर्चीत येऊन बसला.
"बघू तरी काय करलालीस रात्र रात्र."
एकतीस वर्षं मागांपाशी, कान तिथेच ठेवून आलेला माणूस.
हेडफोन नको म्हणाला,
स्पीकर टेबलावर आडवा करून
त्यावर तळहात ठेवला,
दुसऱ्या हातात माऊस, धोटा धरतात तसा.

पहिला थांबला. त्याची बोटं हलली.
दुसरा थांबला.
"पळ नान्ना," मी त्याच्या बऱ्या कानात ओरडले,
"दारात बघ, आलं ते!"
तो दाराकडे बघेचना.
चादर मागे येऊन उभी
आणि हा तिसऱ्या मागावर वाकलेला,
नाक स्क्रीनला टेकवून :
"हितं तार तुटलीय की.
आणि धोटा उलटा बसवलायस."

मग विचारलं,
"गाठ कुठल्या बटणानं मारायची?"

असं बटण नव्हतं.
भुतानं धरलं त्याला, सगळं काळं झालं.
त्यानं तळहात काही उचलला नाही.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"चादर आपली आहे. जळकी."
आणि जेवायला गेला.

दोन वाजता मी धोटा सरळ केला.
मग तिसऱ्या मागापाशी एक बटण दिलं.
दाबलं की दोन हात येतात,
तुटलेली टोकं थुंकी लावून वळतात, गाठ बसते.
हात मात्र जमले, पहिल्या फटक्यात,
डाव्या अंगठ्याचं नख नसलेले.
माग सुरू होत नाही.
गुण मिळत नाहीत, भूत थांबत नाही.
साडेतीन सेकंद जातात नुसते,
आणि तेवढ्यात बहुतेक
ते गाठतंच.