टक्स

राजारामपुरी, आठवी गल्ली, दुकान दहा बाय आठ.
ट्रायलच्या पडद्याआड नाडी सोडते
आणि बावीस वर्षं दुसऱ्या बायकांना बघितलं
तसं आज स्वतःला बघते.

शिवण सरळ आहे, वाद नाही.
या हाडापासून त्या हाडापर्यंत, जांभळट, पायपिनसारखी.
पण डाव्या टोकाला झोळ आलाय.
टक्स संपतो तिथं कापड उचलतं ना,
तसा कातडीचा एवढासा कान, उभा.

डॉक्टर किणीकर म्हणाले, सूज आहे, सहा महिने थांबा.
"डॉक्टर, मी सांगतो तुम्हाला,
टक्स टोकाला बारीक करत न्यायचा असतोय.
मधनंच सोडला की फुगतोच."
ते हसले.
मग चष्मा पुसून पुन्हा एकदा टोक बघितलं.
आत माया किती ठेवलीय
ते विचारायचं राहिलं.

भिशीचे दोन नंबर गेले,
गुजरीत एक पाटली मोडली.
कशासाठी, तर जुळ्या अकरा वर्षांच्या झाल्या तरी
टेप माझ्या हातात असताना गिऱ्हाईक विचारायचं,
"कितवा ओ?"
एकीनं तर मला बसायला स्टूल दिलं.
माझ्याच दुकानात, माझंच स्टूल.

आता कुणी विचारत नाही.
आता मी विचारते.
बेंबी मधोमध आहे का?
गळ्याच्या खळीतून दोरा सोडला, टोकाला बॉबिन बांधून.
दोन सूत उजवीकडं.
आधी आडवी होती, झोपाळू.
आता उभी, नव्या काजासारखी.
बटण कुठलं लावायचं हिला?

आणि तीळ.
बेंबीच्या वर तीन बोटं होता, माहेरून आलेला.
वरचं सगळं खाली ओढून घेतलं
तेव्हा तोही सरकला.
सर्जेराव अंधारात जुन्या पत्त्यावर गेले
आणि बोट तिथंच थांबलं.
"हितं हुता की गं."
"घर बदललंय त्यानं."
दोघं हसलो.
मग त्यांचं बोट खाली आलं असेल, नसेल.
मला कळलं नाही.
तिथं अजून काही कळत नाही.

परवा काउंटरला पोट टेकून फॉल लावत होते.
रात्री पट्टा सोडला तर
गुलाबी डोक्याची टाचणी, चामडीत अर्धी.
रक्ताचा एक ठिपका, दुखणं नाही.
लगेच काढली नाही मी.
वाटलं, कुणीतरी खूण करून ठेवलीय,
इथनं उसवा म्हणून.

आज इंगवल्यांची सून आली, भावाच्या लग्नाचं ब्लाऊज.
टेप टेकायच्या आधीच तिनं श्वास आत ओढला.
सगळ्याच ओढतात.
"सोडा," म्हटलं, "पंगतीत बसल्यावर हुक तुटंल."
सोडेना.
आरशात दोघी दिसत होतो,
आणि श्वास धरून मीही उभी होते,
पट्ट्याच्या आत, कापून घेतलेल्या पोटानिशी.

शटर ओढायच्या आधी मापवहीचं शेवटचं पान.
सकाळी चौतीस. रात्री साडेपस्तीस.
नाव लिहिलं नाही.
आकडे पेन्सिलनं.