टाका

उजवीकडची वरची दाढ, मागून तिसरी.
मुळं फार लांब निघाली म्हणे,
आणि येताना ती एकटी आली नाही;
हाडाचा पापुद्रा ओटीत घेऊन आली.
विश्वामित्रीतल्या मगरीला
पडलेला दात पुन्हा येतो.
मला घरी आल्यावर
प्यायलेलं पाणी नाकातून आलं,
दोन थेंब, साडीवर.
कुमुदबेन म्हणाली,
अख्ख्या दांडिया बाजारात असं ऐकलं नाही.

डॉक्टर झवेरींनी नाक चिमटीत धरायला लावलं.
"धीमे धीमे फूंक मारो, बेन."
दाढेच्या खड्ड्यात बुडबुडा आला.
त्यांनी तो पाहिला,
मी त्यांचा चेहरा पाहिला.

गालामागे एक खोली असते,
प्रत्येकाच्याच. रिकामी, नुसत्या हवेची.
बासष्ट वर्षं बिनभाड्याची सांभाळली
आणि मला पत्ता नाही.
मधली भिंत कांद्याच्या सालीएवढी.

गालाचंच मांस ओढून भोकावर शिवलं.
काळा दोरा.
मग कागदावर गुजरातीत लिहून दिलं:
नाक शिंकरू नका, स्ट्रॉने काही ओढू नका,
फुगा फुगवू नका. (मी? फुगा?)
शिंक आली तर अडवू नका,
तोंड उघडून मोकळी सोडा.
पंधरा दिवस.

हे कसं जमायचं?
शिंक गिळायला आईने शिकवलं
वेणी घालायला शिकवण्याआधी.
कोणी कामाला निघालं की
जिभेचं टोक टाळूला, श्वास बंद.
मुलाखती, कोर्टाच्या तारखा,
ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन,
माझ्यामुळे कुठेच माशी शिंकली नाही.
त्या सगळ्या त्याच खोलीत साठल्या असतील का,
डॉक्टरांना विचारायचं राहिलं.

अकराव्या दिवशी हृषी निघाला.
बॅगा टॅक्सीत. अहमदाबादहून रात्रीचं विमान,
पुढे विनिपेग.
हातावर दही घातलं
आणि शेजारची फोडणी की आमची उदबत्ती,
आली.
जीभ सवयीने वर गेली,
तिला दोरा लागला.

तोंड उघडलं.
कुमुदबेनचं कुत्रं भुंकायला लागलं.

हृषी काही बोलला नाही.
फीत सोडून बूट काढले,
आत येऊन बसला, पाणी मागितलं.
टॅक्सीवाला बाहेरून म्हणाला,
"बेसो ने, वांधो नथी."
एवढंसं पाणी तो फार वेळ पीत होता.
मी समोर बसले होते.
टाका धरून होता.