पाट आणि पाटी

प्रवेशअर्जाच्या चौथ्या पानावर चौकट होती:
कोणत्या प्रदेशाचा विशेष अभ्यास करू इच्छिता?
हान्नाने लिहिलं, मध्य आशिया.
ती ग्राझहून आलेली, दोन विमानं बदलून.
मीही तेच लिहिलं
आणि मला हसूच आलं.
म्हणजे दोन वर्षं, शिष्यवृत्तीवर,
मी माझ्या बापाचा अभ्यास करणार.

बाप आमच्या गावचा मुराब. पाटकरी.
खांद्यावर फावडं, खिशात घड्याळ.
कुणाच्या बागेला किती वेळ पाणी
हे त्याला तोंडपाठ,
पोरांच्या वाढदिवसांचा मात्र गोंधळ.
इथे बिश्केकमध्ये त्याच्या कामाला
सीमापार जलव्यवस्थापन म्हणतात
आणि त्याला सहा श्रेयांक आहेत.

हिवाळाभर शहरावर कोळशाचा धूर बसून असतो.
खिडकीतून डोंगर दिसत नाहीत,
नकाशात दिसतात, अगदी स्वच्छ, तपकिरी.
पहिल्या सत्रात कळलं, आमचं गाव म्हणजे परीघ.
दुसऱ्या सत्रात कळलं,
ते संभाव्य संघर्षबिंदूही आहे.
मी वहीच्या कोपऱ्यात आमचं छप्पर काढलं,
त्यावर वाळत घातलेले जर्दाळू,
आणि खोडून टाकलं.

माझ्या मागच्या बाकावर मेहरांगेझ.
ताजिक. तिचं गाव त्याच पाटाच्या शेपटाला.
वर्षभर आम्ही बोललो ते
वसतिगृहाच्या गार पडलेल्या नळ्यांबद्दल,
ग्रंथालयाच्या दंडाबद्दल.
ज्या वसंतात पाटावर दगड चालले
त्या दिवशी तिचा मामा तिथे होता.
माझा भाऊही.
हे दोघींना ठाऊक होतं,
दोघींनी ते दप्तरासारखं
बाकाखाली सरकवून ठेवलं होतं.

मार्चमध्ये वाटाघाटींचा सराव.
तोक्तोसुनोव सरांनी पाट्या वाटल्या
आणि मुद्दाम उलट्या वाटल्या.
माझ्यासमोर तिचा देश,
तिच्यासमोर माझा.

आदल्या रात्री स्वयंपाकघरात मी विचारलं,
तुमच्याकडे पाणी कधी पोचतं?
कांदा चिरता चिरता ती म्हणाली, तिसऱ्या रात्री.
गढूळ. कधी तेही नाही.
आई कंदील घेऊन बांधावर बसते,
आवाज आला की आम्हाला उठवते.
मी बावीस अहवाल वाचले होते.
कंदील एकाही अहवालात नव्हता.

मग तिने विचारलं माझ्या बापाबद्दल,
आणि मी बोलून बसले:
त्याचं घड्याळ दोन वर्षांपासून बंद आहे,
तो सावलीवर वेळ मोजतो,
घड्याळ फक्त लोकांसाठी बाहेर काढतो.

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर हात आपटला.
कंदील मांडला, बांध मांडला,
मोहोराच्या आठवड्यात नऊ तास जास्त मागितले.
मेहरांगेझ माझ्या देशाच्या पाटीमागे
माझ्या बापासारखी मान तिरकी करून बसलेली,
म्हणाली, वेळ आम्ही मोजतो, आमचं घड्याळ बरोबर चालतं.
आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.
वर्गात एकट्या मलाच कळलं
तिने काय झाकलं.

नऊ तास मिळाले. अ श्रेणीही.

संध्याकाळी बापाला फोन लावला.
सगळं सांगितलं, पाटीचंही.
तो बराच वेळ बोलला नाही.
फावड्यावरची माती दगडावर खरवडल्याचा आवाज आला.
म्हणाला, नऊ फार झाले गं.
तिसऱ्या रात्री चार तर मी सोडतोच.
आपल्याकडे सगळे झोपल्यावर.
मग घाईघाईने म्हणाला,
हे कुठे लिहू नकोस.

लिहिलं नाही.
प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात त्या जागी
एक तक्ता आहे, क्यूसेकमध्ये,
आणि तो चुकीचा आहे.
आज सरांनी त्यावर लाल खूण केली:
चार तासांचा हिशेब लागत नाही, स्रोत द्या.

स्वयंपाकघरात मेहरांगेझ चहा ओतत होती.
काय म्हणाले सर?
काही नाही, मी म्हटलं. बेरीज चुकली.
तिने माझ्या पेल्यात साखर टाकली,
न विचारता, दोन चमचे.
बाहेर धूर जरा विरळ झाला होता.