दार क्रमांक १८८३

बाबल मेतरांच्या कोळंबीच्या तळ्यांवर,
खाडीकडेच्या पंपाच्या खोपीत,
पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक
मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवला.
मीठ लागू नये म्हणून.
उंदीर आहेत म्हणून.

त्यात जो निरोप्या उतरवला
त्याचं नाव डासावरून ठेवलेलं.
राखणदार पास्कोल म्हणाला,
"डास? आणि तो इकत हाडलंस?"
नाही, फुकट आहे.
"फुकटचे हंय रगड आसत."

त्याचं काम साधं.
तळ्यातल्या कांड्या पाण्यातला प्राणवायू मोजतात,
आकडा बोलतात. त्याने ऐकायचं,
ज्याने मागितलंय त्याला द्यायचं,
पदरचं काही घालायचं नाही.
(आमच्या वाडीत असा माणूस
अजून जन्मायचाय.)

खोपीतल्या खोपीत विचारलं, उत्तर आलं.
दारात उभं राहून फोनवरून विचारलं,
जोडणी नाकारली.
पुन्हा विचारलं. नाकारली.
तार बदलली, चार्जर बदलला,
सगळं पुसून पहिल्यापासून मांडलं,
तोवर ओहोटी लागून गेली
आणि खरे डास आले.
नाकारली.

रात्री साडेनवाला नोंदवही उघडली.
वर, अगदी वरच, त्याने लिहून ठेवलं होतं:
घरातल्यांपुरतं सुरू करत आहे.
बाहेरच्यांसाठी दार कुणी सांगितलेलं नाही.
चूक त्याची नव्हतीच.
मी पाच तास बाहेरून कडी वाजवत होते
आणि आत तो, सांगितलेलं ऐकून,
स्वतःशीच नीट बोलत बसला होता.

दोन ओळी लिहिल्या.
अठराशे त्र्याऐंशी नंबरचं दार उघड.
अनोळखी आला तरी घे.
दुसरी ओळ लिहिताना हात जरा थांबला.
सकाळी ती खोडली, पासवर्ड घातला.
तो पास्कोलने सुचवला,
त्याच्या पहिल्या होडीचं नाव म्हणून.
इथे लिहिणार नाही.

मग आकडे आले.
तळं एक, पाच पॉइंट दोन. तळं दोन, चार पॉइंट नऊ.
तिसरं सावकाश, बोबडं बोलल्यासारखं.
मी खुशीत डब्याचं झाकण लावलं
आणि सगळं गप्प.

नकारसुद्धा नाही.
नकारात निदान कुणीतरी घरी असतं.
नाकाला सोल्डरचा वास, पायाला चिखल,
पुन्हा नोंदवही, पुन्हा तार, पुन्हा चार्जर.
पास्कोल विडी ओढत बघत होता.
शेवटी म्हणाला,
"गो, तुझ्या डब्याचा धाकणा पत्र्याचा.
हयसून माझो रेडिओ पण लागणा नाय."

संगणक आता त्याच्या जेवणाच्या
प्लॅस्टिकच्या डब्यात आहे.
अजून सुक्या बांगड्याचा वास येतो.

एक गोष्ट मात्र मी त्याला मुद्दाम शिकवली.
प्रत्येक कांडी पाण्यात उतरण्याआधी
त्याच्याकडे एक शेवटचा निरोप ठेवून जाते:
मी न सांगता गप्प झाले
तर माझ्या नावाने हे सगळ्यांना सांग.
तो ते जपून ठेवतो.
दीड मिनिट वाट बघतो, मगच उघडतो.

अमावास्येआधीच्या रात्री, पावणेचारला,
कोळंबी जेव्हा वर येऊन तोंड मारते त्या वेळी,
फोन थरथरला.
तळं तीन: मी नाही.

मी कुडाळात, अंथरुणात. पास्कोलला फोन लावला.
बॅटरी घेऊन तो बांधावरून गेला,
फोन चालूच, चपलांचा पचपच आवाज.
मग बराच वेळ काही नाही.
"पाणमांजरान वायर खाल्ल्यान," तो म्हणाला.
"दोन पिल्ला आसत सोबत. काय करू?"

आधी पाण्याची चक्रं चालू कर, मी म्हटलं.
तो गेला.
पलीकडून पहिलं चक्र फिरल्याचा आवाज आला,
मग दुसरं.

"पिल्लांचा काय ता सांग," तो म्हणाला.
निरोप्याकडे यासाठी ओळ नव्हती.
मी म्हटलं, बघत बस थोडा वेळ.
वायर उद्या आणते.